बातमी आणणारा कोण?

सूरह अल्-हुजुरातच्या प्रकाशात शहानिशेचे कर्तव्य आणि बँकेच्या नावाने येणारे फसवे संदेश



अल्लाहचे आभार मानून आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम पाठवून या चिंतनाला प्रारंभ करू या.

दिव्य कुरआनातील 49 वी सूरह अल्-हुजुरात ही समाजजीवनाचे शिष्टाचार शिकविणारी सूरह आहे. तिच्या सहाव्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना आदेश दिला आहे की, एखादा दुराचारी माणूस बातमी घेऊन आला तर तिची नीट शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी तुमच्या हातून कोणाचे तरी नुकसान होईल आणि मग केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप करण्याची वेळ तुमच्यावर येईल. अनेक तफसीरकारांनी या आयतीच्या अवतरणामागील प्रसंग नमूद केला आहे. बनू मुस्तलिक या टोळीकडे जकात वसूल करण्यासाठी एक माणूस पाठविण्यात आला. टोळीपर्यंत न पोहोचताच तो परतला आणि ते लोक जकात देत नाहीत, उलट जिवावर उठले आहेत, असे त्याने मदीनेत सांगितले. वस्तुस्थिती वेगळी होती. ते लोक स्वागतासाठी बाहेर पडले होते. बातमीवर तेथल्या तेथे विश्वास ठेवला गेला असता, तर निरपराधांचे रक्त सांडले असते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. बातमी ऐकूच नका, असे आयत सांगत नाही. सर्वांवर संशय घ्या, असेही ती सांगत नाही. ऐकणे आणि कृती करणे यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती गाळू नका, एवढेच ती सांगते. त्या पायरीचे नाव शहानिशा. आणि पश्चात्तापाचा उल्लेख करून आयत आपल्याला हेही शिकविते की, ज्याने ही पायरी गाळली त्याच्या वाट्याला शेवटी हात चोळणेच येते.

खिशातला निरोप्या

पूर्वी बातमी घेऊन माणूस येत असे. त्याचा चेहरा दिसे, घराणे माहीत असे. आज बातमी आपल्या खिशात येऊन पडते आणि आणणारा कोण हे दिसत नाही. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादचेच उदाहरण डोळ्यांसमोर आणा. कापूस विकला गेला आहे, मक्याचे पैसे खात्यात जमा झाले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी कित्येक वर्षे एकेक रुपया बाजूला टाकून हजसाठी रक्कम साठविली आहे. आणि एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर, मोबाइलवर बँकेच्या नावाने संदेश उमटतो: आपले केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खाते बंद होईल, खालील दुव्यावर जाऊन माहिती भरा. शहरात शिकणाऱ्या मुलाला हाच मजकूर ई-मेलवर येतो, वर बँकेचे बोधचिन्ह, खाली अधिकाऱ्याची सही. दुव्यावर बोट ठेवताच उघडणारे पान हुबेहूब बँकेचे असते. त्यात नाव, पासवर्ड, कार्ड क्रमांक आणि शेवटी ओटीपी भरला की काही मिनिटांत खाते रिकामे होते.

या प्रकाराला फिशिंग म्हणतात. गळाला आमिष लावून मासा धरावा तशी ही रीत असल्याने तिला हे नाव पडले. ई-मेलपासून सुरू झालेला हा गळ आता एसएमएस, व्हॉट्सॲप आणि फोन कॉल या सर्व पाण्यांत सोडला जातो. ज्याची आयुष्याची पुंजी अशी जाते, त्याचा केवळ पैसा जात नाही. हजची नियत, मुलीचे लग्न, बियाण्याची तजवीज आणि घरातील शांतता हे सारे त्याबरोबर जाते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञानाचा मानू नये. सूरह अन्-निसाच्या पाचव्या आयतीत अल्लाहने मालमत्तेला माणसाच्या जीवनाचा आधार म्हटले आहे आणि ती असमंजस हातांत सोपवू नये अशी ताकीद दिली आहे. असमंजस हातांत देऊ नये, तर लुटारूच्या हातांत कशी द्यावी?

पहिला बहुरूपी

हितचिंतकाचे सोंग घेऊन फसविण्याची कला नवी नाही. सूरह अल्-आराफमध्ये हजरत आदम (अ.) आणि त्यांच्या पत्नीचा वृत्तांत वाचा. इब्लीस शत्रू म्हणून समोर आला नाही. मी तुमचा खरा हितचिंतक आहे, अशी शपथ त्याने घेतली. त्याने लाभ दाखविला, अमरत्वाची आशा लावली आणि विचार करण्यास उसंत दिली नाही. फसव्या संदेशांची घडण याहून वेगळी नसते. बँकेचे सोंग, लाभाची लालूच किंवा नुकसानीची भीती, आणि या सर्वांवर घाई. खाते बंद होणार ही भीती झाली. बक्षिसाचे गुण आज संपणार, करपरतावा मंजूर झाला, ही लालूच झाली. रात्री बारापर्यंत, दोन तासांच्या आत, ही घाई झाली. घाई सैतानाकडून असते आणि सबुरी अल्लाहकडून, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जो संदेश तुमची सबुरी काढून घेऊ पाहतो, त्याच्याकडे आधी संशयाने पाहा.

सहीह बुखारीतील आणखी एक प्रसंग येथे मार्गदर्शक आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडे रमजानच्या जकातीच्या धान्याची राखण होती. रात्री एक जण येऊन धान्य भरू लागला. पकडल्यावर त्याने गरिबीचे आणि मुलाबाळांचे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा अबू हुरैरा (रजि.) यांना दया आली आणि त्यांनी त्याला सोडले. सकाळी प्रेषितांनी (स.) सांगितले की तो खोटे बोलला, तो पुन्हा येईल. तसेच झाले. तिसऱ्या रात्री सुटका करून घेण्यासाठी त्याने आयतुल कुर्सीचे महत्त्व सांगितले. यावर प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, तो आहे खोटारडाच, मात्र ही एक गोष्ट तो खरी बोलला, आणि तो सैतान होता.

बंधूंनो, या प्रसंगातील शेवटचा बोध आपल्या विषयाचे मर्म आहे. खोटारडाही एखादी गोष्ट खरी सांगतो. फसव्या संदेशात तुमचे पूर्ण नाव बरोबर असते, कधी शाखेचे नाव बरोबर असते, कधी कार्डाचे शेवटचे चार आकडेही बरोबर असतात. ही माहिती चोरीच्या याद्यांतून बाजारात फिरत असते. एक गोष्ट खरी निघाली म्हणून सांगणारा खरा ठरत नाही.

मोहोर आणि तिची पारख

प्रेषितांनी (स.) शेजारच्या राजांना पत्रे पाठविण्याचे ठरविले, तेव्हा मोहोर नसलेले पत्र राजदरबारी वाचले जात नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यावर त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर 'मुहम्मद, रसूल, अल्लाह' ही अक्षरे कोरविली. पत्र कोणाचे आहे हे पटविण्याची जबाबदारी त्यांनी कमी लेखली नाही. तसेच हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना त्यांनी दुसऱ्या समाजाची लिपी शिकून घेण्यास सांगितले. आलेली पत्रे परक्याकडून वाचून घ्यावी लागू नयेत, हा त्यामागील हेतू होता. जैद (रजि.) यांनी ती अवघ्या काही दिवसांत आत्मसात केली.

मात्र मोहोरही चोरली जाते. हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीच्या अखेरीस त्यांच्या नावाचे आणि मोहोरेचे एक पत्र मिस्रच्या वाटेवर पकडले गेल्याचे इतिहासकारांनी नोंदविले आहे. आपण ते लिहिले नाही, असे त्यांनी शपथपूर्वक सांगितले. तरीही क्षोभ शमला नाही आणि हिजरी 35 मध्ये त्यांना शहीद करण्यात आले. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले एक पत्र उम्मतमध्ये केवढी दरी पाडू शकते, याचा हा वेदनादायक दाखला आहे.

तेव्हा मोहोर पाहून थांबू नये, मोहोर पारखावी. ती कशी, हे आता पाहू.

पहिली खूण, पाठविणाऱ्याचा पत्ता. ई-मेलमध्ये वर दिसते ते नाव कोणीही काहीही लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवून मूळ पत्ता उघडून पाहा. बँकेचे पत्र कोणत्याही फुकटच्या ई-मेल सेवेवरून येत नाही. बँकेच्या नावात एखादे अक्षर वाढविलेले, गाळलेले किंवा शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल केलेली आढळली, तर ती बनावट मोहोर समजा.

दुसरी खूण, दुव्याचा पत्ता. ज्यांनी बालपणी मकतबमध्ये कायदा वाचला आहे, त्यांना हे समजणे सोपे आहे. अरबी आपण उजवीकडून डावीकडे वाचतो. संकेतस्थळाचे नावही तसेच उजवीकडून वाचावे. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ जेथे येते, तिच्या लगत डावीकडे जे नाव असते तेच खऱ्या मालकाचे. त्याच्याही डावीकडे बँकेचे कितीही मोठे नाव लिहिलेले असो, ते दारावर टांगलेल्या उसन्या पाटीसारखे आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना आपली संकेतस्थळे 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली नेण्यास सांगितले. हे नाव केवळ बँकांनाच मिळते. तथापि दिसणारी अक्षरे आणि आतला पत्ता वेगळा असू शकतो. म्हणून सर्वांत सुरक्षित मार्ग हाच की संदेशातील दुव्याला हात लावू नये. बँकेचे ॲप स्वतः उघडावे किंवा शाखेत जाऊन विचारावे. फोन करायचा तर क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधलेला ग्राहकसेवा क्रमांकही अनेकदा ठगांनीच पेरलेला असतो.

तिसरी खूण, मागणी. ही सर्वांत पक्की खूण आहे. कोणतीही बँक पिन, पासवर्ड, कार्डामागील तीन अंक किंवा ओटीपी विचारत नाही. ई-मेलवर नाही, फोनवर नाही, शाखेतही नाही. ज्याने हे मागितले तो बँकेचा नाही, येथे विषय संपतो. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पैसे मिळविण्यासाठी पिन टाका असे जो सांगतो, तो तुमच्याच हाताने तुमचा खिसा कापतो.

चौथी खूण, जोडलेली फाइल. बँकेची बक्षिसे, वाहनाचे चलन, पीएम किसानचा हप्ता, लग्नाची पत्रिका अशा नावांनी व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल येते. ती उघडून बसविली की मोबाइलवर येणारे संदेश ठगाकडे वाहू लागतात आणि ओटीपी विचारण्याचीही त्याला गरज उरत नाही. ती ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी उघडू नये. कदाचित त्याचाच मोबाइल आधी चोरांच्या हाती गेलेला असेल.

पूर्वी अशुद्ध भाषा हीदेखील एक खूण होती. आता यंत्राच्या साहाय्याने शुद्ध मराठी आणि सफाईदार उर्दू कोणालाही लिहिता येते. तेव्हा भाषा गोड आहे, सलामने सुरुवात केली आहे, म्हणून निश्चिंत होऊ नका.

दार आणि किल्ली

सूरह अन्-नूरमध्ये परक्या घरात परवानगी घेतल्याविना आणि घरच्यांना सलाम केल्याविना प्रवेश करू नये, आणि परत जा म्हटले तर परत जावे, असा आदेश आहे. यात येणाऱ्यासाठी मर्यादा आहे, तसा घरच्यांसाठी अधिकारही आहे. दार उघडायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तुमचा. फोनवरील माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचे नाव सांगो, मी शाखेत येऊन बोलतो, असे म्हणून फोन ठेवणे हा उद्धटपणा नाही. आपल्याकडे साहेबाला उलट प्रश्न विचारण्याची भीड फार. ठग नेमक्या त्या भिडेवर जगतो.

पुण्याचा एक निवाडा

ही फसवणूक अशिक्षितांपुरती आहे, असे कोणी समजू नये. पुण्यातील पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या संचालकांनी अशाच एका फसव्या ई-मेलला प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतील त्यांच्या खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये वळते झाले. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 खाली हे प्रकरण राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांच्यापुढे आले. 2013 मध्ये त्यांनी बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ज्या बनावट खात्यांत पैसे गेले ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती, हा बँकेचा दोष ठरला. परंतु ई-मेलला उत्तर दिले म्हणून उरलेला भार तक्रारदाराच्याच माथी राहिला. न्याय मिळाला तरी हातून निसटलेल्या सावधगिरीची किंमत मोजावीच लागली.

आपत्ती आलीच तर

इतके असूनही चूक होते. आणि येथे आपल्या घरांची खरी परीक्षा असते. फसलेला माणूस बहुधा गप्प बसतो. मुले हसतील, सून नाव ठेवील, मोहल्ल्यात चर्चा होईल, या शरमेपोटी तो रात्र काढतो. आणि त्या एका रात्रीत पैसे चार खात्यांतून फिरून नाहीसे होतात. ज्या घरात अब्बांना किंवा दादींना चूक सांगण्याची भीती वाटते, त्या घराने चोराला वेळ मिळवून दिला असे समजावे. जो मुस्लिमाचे वैगुण्य झाकतो त्याचे वैगुण्य अल्लाह झाकील, ही प्रेषितांची (स.) शिकवण अशाच प्रसंगासाठी आहे. आधी धीर द्या, मग फोन हातात घ्या. उपदेश नंतर करता येईल.

तत्काळ बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे. त्याच वेळी 1930 या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करावा. वेळीच कळविल्यास पुढच्या खात्यात रक्कम अडविता येते. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. संदेश पुसून टाकू नये, तोच पुरावा आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवून दिले होते की, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार येणार नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे दोन्ही परिस्थितींत प्रत्येक तासाला मोल आहे.

श्रद्धावंताला एकाच बिळातून दोनदा दंश होत नाही, अशी हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. एका घराला झालेला दंश गावाला कळला, तर गाव वाचतो. लपविला, तर तेच बीळ शेजाऱ्याची वाट पाहते.

तरुणांसाठी कठोर शब्द

आता एक कटू गोष्ट. चोरलेला पैसा कोणत्या तरी खात्यात जावाच लागतो. त्यासाठी ठग बेकार तरुणांना गाठतात: तुझे खाते आणि सिमकार्ड काही दिवस दे, पाच-दहा हजार मिळतील, तुला काही करायचे नाही. बाळांनो, तुम्हाला काही करायचे नसते, कारण करण्याजोगे जे पाप, ते तुमच्या नावावर होते. पोलिसांना प्रथम तुमचेच दार सापडते; ठग तर दूर कोठेतरी बसलेला असतो. संगणकीय साधनाने सोंग घेऊन फसविण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी मध्ये तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. पण त्याहून मोठे न्यायालय पुढे आहे. पापात आणि अतिरेकात परस्परांना साहाय्य करू नका, हा सूरह अल्-माइदातील आदेश आहे. व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार यांना प्रेषितांनी (स.) एकाच ओळीत उभे केले. मग चोरीला आपले खाते देणारा वेगळ्या ओळीत कसा उभा राहील?

सहीह मुस्लिममध्ये आहे की प्रेषितांनी (स.) सहाबांना विचारले, दिवाळखोर कोण? ज्याच्याजवळ पैसा नाही तो, असे उत्तर आले. प्रेषितांनी (स.) सांगितले की, माझ्या उम्मतचा दिवाळखोर तो, जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल; पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची सत्कर्मे त्या पीडितांना वाटली जातील, ती संपली की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. विचार करा, ज्या वृद्धेची हजची पुंजी तुमच्या खात्यातून गेली, तिला तुम्ही तेथे कोणत्या नमाजा मोजून देणार? ज्याच्या हातून असे घडले असेल त्याने तौबा करावी. आणि तौबेत हक्कदाराचा हक्क परत करणे अंतर्भूत आहे.

उंट बांधा

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याचे तिरमिजीत आहे. आपल्या गावोगावच्या मस्जिदींत जुमाच्या नमाजनंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. भगिनींच्या इज्तिमात हे बोलले जावे, कारण बचत गटाचे आणि घरखर्चाचे पैसे अनेकदा त्यांच्याच मोबाइलवर येतात. आणि नातवंडांनी आज रात्री जेवण झाल्यावर आजोबांजवळ बसावे, त्यांच्या मोबाइलवर आलेला एक खोटा संदेश त्यांनाच वाचून दाखवावा आणि अदबीने विचारावे, दादाजान, ही बातमी आणणारा कोण असेल? ज्या घरात हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तेथे सूरह अल्-हुजुरातचा आदेश जिवंत झाला.

हे अल्लाह, आम्हाला खऱ्या-खोट्याची पारख दे. आमची हलाल कमाई ठगांच्या हातांपासून आणि आमचे हात दुसऱ्याच्या कमाईपासून सुरक्षित ठेव. ज्यांची पुंजी गेली त्यांना धीर दे, त्याहून उत्तम मोबदला दे, आणि आम्हाला त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची सद्बुद्धी दे. आमीन.